माशीमागचं जांभळं लुगडं

पुंडलिक पागधरेने कुंभवलीला बाई ठेवली आहे, ही बातमी बोईसर स्टेशनमागच्या गल्लीत दिवाळीनंतर जन्माला आली आणि डिसेंबरपर्यंत चांगली बाळसं धरून बसली. पुरावे भक्कम होते. दर मंगळवारी त्याचा फोटो स्टुडिओ बंद. दुपारचं जेवण झालं की हा गृहस्थ केसांना पाणी लावणार, खांद्याला पिशवी अडकवणार, सायकलवर टांग टाकणार आणि कारखान्यांच्या वसाहतीच्या कडेकडेने कुंभवलीकडे जाणार. परत येणार तो दिवेलागणीला. येताना पँटीचे दोन्ही गुडघे मातीचे, कोपरं मातीची, सदऱ्याला कुसळं, आणि तोंडावर असं काही समाधान की गल्लीतल्या बायाबापड्यांना ते बघवत नसे.

शिवाय चिंतूची साक्ष होती. चिंतू वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला, तोंडाचा सैल. त्याने कुंपणाशी बसणाऱ्या वॉचमनला सहज विचारलं, तर वॉचमन म्हणाला, "वो सायकिलवाला? हर मंगल को आता है. झाड़ी में पड़ा रहता है, हिलता भी नहीं." गल्लीने यातलं झाडीत पडून राहणं तेवढं उचललं. न हलणं सोडून दिलं, कारण ते बातमीत बसत नव्हतं.

खरं म्हणाल तर न हलण्यातच सगळं होतं. झाडीत बाई नव्हती. माश्या होत्या, रानातल्या मधमाश्या होत्या, आणि मधमाशीचं सोंग घेऊन हिंडणाऱ्या माश्या होत्या. पुंडलिक त्यांचे फोटो काढायला पालथा पडायचा आणि श्वास सोडायचा नाही.

पागधरे मूळचे सातपाटीचे. घरची बोट, घरची जाळी, आजापणजापासून दर्याचा धंदा. पण पुंडलिकला बोट लागायची. पहिल्यांदा वडिलांबरोबर गेला तेव्हा खाडीचं तोंड ओलांडायच्या आतच त्याने असा काही धिंगाणा केला पोटाचा, की वडिलांनी बोट मागे वळवली, त्याला किनाऱ्यावर उतरवला आणि परत त्याचं नाव काढलं नाही. सातपाटीत अजून कुणाला उलटी झाली तर "पुंडलिक झाला" म्हणतात, असं चिंतू सांगतो. चिंतूच सांगतो म्हटल्यावर त्यातलं अर्धं सोडून द्यायचं. पोराने मग पालघरच्या एका फोटोग्राफरकडे अंधाऱ्या खोलीत उमेदवारी केली आणि सत्तरीच्या दशकाच्या शेवटाला, बोईसरला रोज एक नवीन धुराडं उभं राहत होतं तेव्हा, इथे 'दर्या फोटो स्टुडिओ' काढला. ज्याने आपल्याला हाकललं त्याचंच नाव दुकानाला दिलं.

धंदा चालला तो गेटपासवर. कामाला लागणारा प्रत्येक माणूस आधी पुंडलिकच्या स्टुलावर बसून जायचा. उत्तर प्रदेशचा असो, ओरिसाचा असो, वाड्या-जव्हारकडचा असो. गेटपासच्या फोटोला कारखान्यांची एक अट असे: दोन्ही कान दिसले पाहिजेत. एक कान दिसला नाही तर फोटो परत. त्यामुळे पुंडलिक येईल त्याची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड सरळ करायचा आणि म्हणायचा, "कान दिखाओ भाई, दोनों." दिवसभर हेच. पुढे पुढे रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तरी त्याचं लक्ष आधी कानांकडे जाई.

माश्यांचं खूळ शिरलं ते एका नवरीमुळे. केळव्याकडची नवरी, गजरा हा एवढा, आणि नेमकी गजऱ्यावर मधमाशी बसलेली. नवरीच्या आईला ते अपशकुनी वाटलं. माशी काढून द्या म्हणाली. त्या काळी अशा गोष्टी ब्रशाने पुसाव्या लागत. पुंडलिकने फोटो मोठा करून घेतला, डोळ्याला भिंग लावलं, ब्रश बुडवला आणि तसाच बसून राहिला. लहानपणी त्याला मधमाश्या इतक्या वेळा चावल्या होत्या की मधमाशी कशी दिसते हे त्याला सांगायला नको होतं. ही ती नव्हती. अंगावर पट्टे सगळे बरोबर, पण मिशा अगदीच खुरट्या, आणि डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना टेकलेले.

त्याने तो फोटो पालघरच्या सावेसरांना नेऊन दाखवला. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ते म्हणाले, ही माशीच आहे. पाखरांनी खाऊ नये म्हणून मधमाशीचे कपडे घालून फिरते. मधमाशीला पंख चार, माशीला दोन. पण मधमाशी मागचे पंख पुढच्यांना अडकवून ठेवते, म्हणून फोटोत ते मोजायला जाल तर फसाल. मिशा बघा, डोळे बघा. आणि दिसत नसेल तर नाव घेऊ नका. पुंडलिकला हे लगेच पटलं. दोन्ही मिशा दिसल्याशिवाय गेटपास नाही.

नवरीच्या गजऱ्यावरची माशी त्याने पुसली, पण न पुसलेली एक प्रत स्वतःकडे ठेवली. तिथून पुढे प्रत्येक लग्नाच्या रोलची शेवटची दोनचार चित्रं माश्यांच्या नावे जाऊ लागली. कॅमेऱ्याची लेन्स काढून उलटी लावली तर बारीक वस्तू मोठी दिसते, हे त्याने शोधून काढलं. फक्त त्यासाठी वस्तूच्या वीतभर अंतरावर तोंड न्यावं लागतं. मधमाशीच्या वीतभर अंतरावर तोंड नेण्याचे परिणाम पुंडलिकच्या नाकावर गल्लीने अनेकदा पाहिले आहेत.

स्टुडिओच्या काचेच्या कपाटात आता दोन नवरींच्या फोटोंमधे एक हिरवीगार माशी झळकू लागली. लोक थांबून बघायचे, विचारायचे. चिंतूने एकदा आगपेटीतून एक मेलेलं काहीतरी आणून टेबलावर ओतलं. पुंडलिकने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "सांगता येत नाही. मिशा मोडल्यात." हे त्याचं ठरलेलं होतं. सांगता येत नाही, पंखावरच्या शिरा दिसत नाहीत. सांगता येत नाही, पाय पानाआड आहेत. दर वेळी नाही म्हणायचा आणि दर वेळी कारण द्यायचा. शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासावरून त्यांच्याकडे कोण पाहुणा आला आणि किती दिवस राहणार हे सांगणारी ही गल्ली. तिच्यात असा माणूस राहावा, हे लोकांना जरा अपमानाचंच वाटे.

आता लुगड्याचं.

पुंडलिकची बायको मंजुळा, तीही सातपाटीचीच, बोंबील सुकवणाऱ्यांच्या घरातली. तिच्या पेटीत तिच्या आईचं एक जांभळं लुगडं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मंजुळा बोईसरला आल्यापासून साडी नेसायची, पण हे लुगडं वर्षातून दोनदा बाहेर काढून, झटकून, उन्हात धरून परत ठेवायची. ते एकदा बोंबलाच्या वलांडीला, म्हणजे बांबूच्या ज्या मांडवावर बोंबील सुकायला टांगतात त्याच्या खिळ्याला अडकून फाटलं होतं, आणि आईने ते तिथल्या तिथे जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने, जाळ्याचीच गाठ मारून सांधलं होतं. शिंप्याने बघितलं असतं तर तो आजारी पडला असता.

पुंडलिकला त्या दिवसांत निळपट्टीने वेड लावलं होतं. निळपट्टी हे त्याने स्वतः ठेवलेलं नाव. रानतुळशीवर येणारी ही एक जंगली मधमाशी, पोटावर चकचकीत निळे पट्टे, मोहोळबिहोळ काही करत नाही. तिचे नर संध्याकाळी एखाद्या सुक्या काडीला जबड्याने धरतात, पाय पोटाशी घेतात आणि तसेच झोपतात, एकाच काडीला ओळीने. सातपाटीला बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, तसंच. पुंडलिकला ही काडी कुंभवलीच्या बाहेर, वसाहतीच्या कुंपणालगत सापडली होती. पण वाऱ्याने काडी हलायची आणि मागच्या गवताचा नुसता पसारा यायचा. मागे आडोशाला काहीतरी एकरंगी कापड हवं होतं. स्टुडिओचा पडदा निळा, त्यावर निळे पट्टे मरून जात. पेटीतलं जांभळं मात्र असं होतं की त्यावर निळंही उठून दिसावं आणि पिवळंही.

त्याने ते दिवाळीच्या आधी एका मंगळवारी नेलं. संध्याकाळी आणून ठेवू म्हणून नेलं. दोन काठ्यांना बांधलं, फोटो झकास आले. पण लुगड्याला कुसळं लागली, चिखलही लागला. धुऊन ठेवू म्हणाला आणि ते स्टुडिओत कॅमेऱ्याच्या पिशवीतच राहिलं.

भाऊबीजेला पुंडलिकची बहीण भागी आली. भागी मुरब्याला दिलेली. खाडीच्या अलीकडे सातपाटी, पलीकडे मुरबे. ओवाळून, जेवून, हसून-खिदळून गेली. मागच्या वर्षी तिने गमतीत म्हटलं होतं, वहिनी, हे लुगडं मला दे. ती गेल्यावर मंजुळाने पेटी उघडली तर लुगडं नाही. झालं. मंजुळाने सातपाटीच्या एका मासेवालीबरोबर मुरब्याला निरोप धाडला आणि त्यात एकही शब्द मऊ नव्हता. भागीचं उत्तर त्याच टोपलीतून परत आलं: ज्या घरात मला चोर म्हटलं, त्या घराचा उंबरा मी पुन्हा ओलांडणार नाही.

पुंडलिकने तेव्हा बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अशी वेळ आली की सांगितलं तर बायको एकीकडून धरणार आणि बहीण दुसरीकडून. तो आणखी निमूट झाला आणि मंगळवारी झाडीत जरा जास्तच वेळ पडू लागला.

रंगीत रोल तेव्हा धुवायला मुंबईला जायचे आणि सगळे एकसारख्या पिवळ्या पाकिटांतून परत यायचे. डिसेंबरात गल्लीतल्या वत्सलाबाई त्यांच्या सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो न्यायला आल्या. पुंडलिक एका कामगाराचे कान सरळ करण्यात गुंतला होता, त्याने हाताला लागलं ते पाकीट दिलं. वत्सलाबाईंनी घरी जाऊन हळदीकुंकू लागल्या बोटांनी पाकीट उघडलं तर आत सत्यनारायण नाहीत. माश्या. आणि प्रत्येक माशीच्या मागे, धुरकट, पण रंगावरून कळेल असं जांभळं लुगडं.

एखाद्याने पाकीट परत नेऊन दिलं असतं. वत्सलाबाईंनी तेही केलं, पण आधी गल्लीतल्या घराघरातून ते फिरवून आणलं. माशीकडे कुणी बघितलं नाही. लुगडं म्हणजे साडीवाली नव्हे, इथलीच, हे पहिल्या घरात ठरलं. फोटोच्या वरही लुगडं जातं आणि खालीही, म्हणजे बाई अंगापिंडाने उंच, हे दुसऱ्या घरात. सगळ्या फोटोंत एकाच जागी उभी आहे, म्हणजे कसलीही घाई नाही, म्हणजे नवरा बाहेरगावी. चिंतूला तेवढ्यात आठवलं की त्यालाही झाडीत काहीतरी जांभळं दिसलं होतं. स्टेशनवरच्या घड्याळात पाच वाजेपर्यंत त्या बाईला गाव मिळालं होतं, नवरा मिळाला होता, आणि तो नवरा बोटीवर नोकरीला लागलाही होता.

मंजुळापर्यंत हे यायला दुसरी सकाळ उजाडली. गल्लीच्या हिशोबाने हा उशीरच. वत्सलाबाईंनी पाकीट परत दिलं ते तिच्याच हातात. ती ते घेऊन भर दुपारी स्टुडिओत गेली. स्टुलावर एक कामगार कान पुढे काढून बसला होता. आईचं लुगडं मंजुळाच्या लेखी मुरब्याला भागीकडे होतं, त्यामुळे त्या धुरकट जांभळ्यात तिला ते ओळखू आलं नव्हतं. तिने एक फोटो पुंडलिकच्या पुढ्यात धरला.

"ही कोण हाय?"

"कुठं कोण?"

"माशीच्या मागं. जांभळी."

पुंडलिकने फोटो हातात घेतला. उजेडाकडे धरला. सवयीने भिंगही उचललं. मग म्हणाला, "सांगता येत नाय."

मंजुळा थांबली. इतक्या वर्षांत तिला माहीत होतं की या वाक्याला शेपूट असतं. मिशा दिसत नाहीत, पाय दिसत नाहीत, काहीतरी. शेपूट आलं नाही.

"काय दिसत नाय?" तिने विचारलं.

"तसं... सांगता येत नाय."

बाईपेक्षा त्या नसलेल्या कारणाने ती हादरली. इतकी वर्षं ज्या शब्दावर हा माणूस खरा म्हणून चालला होता, तोच शब्द त्याने आज खोटा वापरला, एवढं तिला कळलं. तिने पाकीट टेबलावर ठेवलं. स्टुलावरच्या माणसाला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं, घरी गेली, कपडे बांधले आणि सातपाटीची एसटी धरली. जाताना शेजारी सांगून गेली की बोंबलाचा हंगाम आहे, भावाकडे माणसं कमी पडतात. वत्सलाबाईंनी "हो का" म्हणताना पदर तोंडाला लावला.

पुंडलिक दोन दिवस भात पातेल्याच्या बुडाला लावत राहिला. सगळ्या गल्लीला करपल्याचा वास येत होता, आणि सगळी गल्ली त्या वासावरून निष्कर्ष काढत होती. त्याला माहीत होतं की टेबलाच्या खणात एक फोटो आहे, जो त्याने पाकिटात ठेवलाच नव्हता. त्यात काडी नव्हती, निळपट्टी नव्हती. एक लहानशी काळी माशी उडून थेट लुगड्यावर बसली होती आणि त्याने मोह न आवरून तेवढ्यात खटका दाबला होता. बाकी सगळ्या फोटोंत लुगडं म्हणजे नुसतं धुकं. या एकाच फोटोत ते धाग्याधाग्यानिशी स्वच्छ आलं होतं. तो फोटो दाखवला तर बाईचा आळ जाणार होता आणि चोरीचा येणार होता. नाही दाखवला तर मंजुळा काही परत येत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याने दुकानाला कुलूप घातलं. मंगळवार नव्हता, त्यामुळे गल्लीने दारात येऊन नोंद घेतली.

सातपाटीच्या किनाऱ्यावर मंजुळा वलांडीवरचे बोंबील उलटत होती. आजूबाजूच्या बायकांनी पुंडलिकला बघितलं आणि हात चालवता चालवता कान मोकळे केले. त्याने फोटो पुढे केला.

मंजुळाने ओले हात पदराला पुसले. फोटो घेतला. पहिल्यांदा तिला माशी दिसली. मग माशी जिच्यावर बसली होती ती हिरवी गाठ दिसली. फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ.

"ही माझ्या आयची गाठ हाय," ती म्हणाली.

पुंडलिकने मान हलवली आणि पिशवीतून लुगडं काढून तिच्या हातात दिलं. धुतलेलं होतं, पण काठाला एक कुसळ राहिलंच होतं. ते मंजुळाने नखाने काढलं. त्यानंतर तिने जे तोंड सोडलं ते सातपाटीच्या बायकांनी मन लावून ऐकलं आणि त्यातला काही भाग त्या अजून आपापल्या नवऱ्यांसाठी वापरतात. भागीवर केवढा आळ घेतला मी, आणि तू मुक्याने बघत बसलास, हा त्यातला मुख्य मुद्दा. दम लागल्यावर मंजुळा थांबली. फोटो अजून तिच्या हातातच होता.

"आनि ही माशी कुठली?"

पुंडलिकने वाकून बघितलं. "सांगता येत नाय. मागचा पाय गाठीच्या आड गेलाय."

मंजुळाने त्याच्याकडे बघितलं, मग फोटो ब्लाउजात खोचला. "चल," म्हणाली, "आता भागीकडं जायाचं. तूच सांगायचं."

मुरब्याला जायचं म्हणजे होडीने खाडी ओलांडायची. पुंडलिकने बसने फिरून जाऊ म्हणून सुचवून पाहिलं. मंजुळाने ऐकलं नाही. खाडी ती केवढी. पोरं पोहून जातात. पण भरती चढत होती, होडी डुलत होती, आणि पुंडलिकने आपला जुना लौकिक राखला. पलीकडे उतरला तेव्हा चेहरा कागदासारखा. भागीने दारातून बघितलं तर भाऊ असा, वहिनीच्या काखेत लुगडं तसं. तिला वाटलं कुणीतरी गेलं. पुंडलिकने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, अगदी काडीला झोपणाऱ्या मधमाश्यांसकट. त्या मधमाश्यांत भागीला रस नव्हता. मंजुळाने लुगडं पुढे केलं आणि माझं चुकलं म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द निघताना पुंडलिकने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

भागीने लुगडं उलगडलं, अंगाला लावून बघितलं, घडी केली आणि आत नेऊन ठेवलं. बाहेर येऊन म्हणाली, "आळ तर घेतलाच हाय माज्यावर. मग लुगडं तरी कशाला सोडू?"

मंजुळा हसली, पण डोळे पुसत. गाठीचा फोटो तेवढा तिने ठेवून घेतला. तो पुढे फ्रेम करून बोईसरच्या घरात, देवांच्या बाजूला लागला. येणारे-जाणारे विचारतात, ही कसली माशी देव्हाऱ्याशी?

दोघं बोईसरला एकत्र उतरली तेव्हा गल्लीची जरा पंचाईत झाली. बातमी तर चांगली होती, अजून बरीच टिकली असती. मंजुळा कुणाला काही बोलली नाही, आणि बोलली नाही म्हणून लोक जास्तच तळमळले. शेवटी संक्रांतीच्या तोंडावर वत्सलाबाई हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आल्या. मंजुळा आत होती. पुंडलिक पायरीवर बसून लेन्स पुसत होता, नाक एका बाजूने सुजलेलं. वत्सलाबाईंनी आमंत्रण दिलं, तिळाच्या वड्यांची चौकशी केली, इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, की भाऊ, आता सगळं मिटलंय तर सांगून टाका, फोटोत होती तरी कोण ती?

पुंडलिकने लेन्स उजेडाकडे धरून एकदा फुंकर मारली.

"वत्सलावहिनी, एक माशी ओळखायची तर मला तिच्या दोन्ही मिशा दिसाव्या लागतात, नाहीतर मी तोंड उघडत नाही. तुम्ही नुसत्या लुगड्यावरून अख्खी बाई उभी केलीत, तिला उंची दिलीत, नवरा दिलात, नवऱ्याला नोकरी लावलीत. तेव्हा ती आता तुमचीच. हळदीकुंकवाला तिलाही बोलवा. फक्त दुसरं लुगडं नेसून ये म्हणावं, ते आमच्या भागीने नेलं."